पाठीवरचा मोर

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. एका कानाचा तुकडा उडालेला म्हणा, तेही खरं आहे. पण मला 'शोभेची वस्तू' म्हणाल तर आपलं जमायचं नाही. मी तान्ह्या पोळ्याचा नंदी आहे. शिवणीच्या लाकडाचा, चार चाकांच्या पाटावर उभा, पाठीवर निळा मोर असलेला. लेकरांनी दोरी धरून गावभर ओढावं म्हणून माझा जन्म झाला. एकदा मला कडीकुलपात घालायचं ठरलं होतं. त्याच महिन्यात मला नवाकोरा करायचंही ठरलं होतं. दोन्ही बेत माझ्या भल्यासाठीच होते. तरी मी दोन्हींना पुरून उरलो. कसा, ते ऐका.

आमचं गाव कोंढा गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातशेतांच्या मधोमध. तिथल्या मारोतराव वाढईंनी, म्हणजे सुतारांनी, मला घडवलं. शिवणीचं लाकूड हलकं असतं, पण कोरताना ते ऐकतं, हट्टाने तडकत नाही. मारोतरावांनी माझी मान वेगळी कोरली आणि आतल्या खुंटीवर अशी सैल बसवली की दोरी ओढली, चाकं दगडावरून गेली, की मान आपोआप डोलायची. गावातल्या बाकीच्या नंद्यांच्या माना ताठ होत्या. माझी तेवढी डोलायची. लहान लेकरं मागे मागे चालत, "तो हो म्हणून राहिला" असं ओरडत.

ज्यांच्यासाठी मी घडलो ते केशवराव शेतकरी होते, पण रंग दिला तो त्यांच्या बायकोनं, जनाबाईनं. गेरू, चुना, चुलीची काजळी आणि कपड्यांना घालायची नीळ. हे सगळं तिनं धावड्याच्या डिंकात कालवलं. माझ्या पाठीवर झूल काढली आणि झुलीवर पिसारा मिटलेला मोर. त्याचा डोळा तिनं काडीच्या टोकानं ठेवला. तो डोळा अजून माझ्या पाठीवर आहे, आणि या गोष्टीत त्याला फार महत्त्व आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पोळ्याला शिवारातले खरे बैल तोरणाखाली येतात, झडत्यांची गाणी होतात, 'हर हर महादेव' होतो. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मात्र लेकरांचा. लाकडाचे बैल घेऊन ती घरोघरी जातात, बाया बैलाला ओवाळतात, लेकराच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ किंवा नाणं ठेवतात. अलीकडे मिरवणुकीतल्या सगळ्यांत सजलेल्या बैलाला पहिला नंबरही देतात. त्या दिवशी आमच्याकडे पावसाची झिमझिम असतेच. थेंब पडला रे पडला की जनाबाई धावत येई आणि माझ्यावर पदर धरी. शेजारणी हसत. ती म्हणे, "लोकाइचा मोर पावसात नाचत असन बाई, माहा मोर पावसाले भिते."

तिची आणखी एक रीत होती. ती कुंकू माझ्या कपाळाला लावत नसे. वाकून पाटाला लावी. अक्षता पाटावर, बेलाचं पान पाटावर. माझ्या अंगाला लागायचा तो फक्त कोरडा, मऊ फडका. तेव्हा मला वाटे, ही बाई मला देवापेक्षा कमी मानते की काय. आता कळतं, तिनं मला लेकरासारखं जपलं होतं.

किती हात माझ्या दोरीला लागले, मी मोजले नाहीत. केशवरावांचा मुलगा, मग नातू राजकुमार. राजकुमार मला जोरात ओढायचा, एका वळणावर मला आडवा पाडायचा, मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचा. माझ्या कानाचा तुकडा त्या वळणावरच राहिला. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. खेळताना पडलेला तुकडा तो, त्यात कसली लाज?

मग केशवराव गेले, जनाबाई गेली. घरात मोठे, चकचकीत बैल आले. त्यांच्या शिंगांत दिवे लागायचे. मी धानाच्या कोठीमागे गेलो. तिथे उंदीर होते, कोंडा होता आणि अंधार होता. पण ऐका, मी तिथेही मोडलो नाही. शिवणीला वाळवी लवकर शिवत नाही, आणि मारोतरावांची खुंटी ढिली झाली नव्हती.

गावच्या जुन्या शाळेच्या खोलीत संग्रहालय सुरू झालं तेव्हा राजकुमार मला घेऊन गेला. तो आता धानाचा व्यापार करतो. संग्रहालय उभं करणारी रिता आमच्याच गावची. बाहेर शिकली, तिथे जुन्या वस्तू सांभाळायचं काम केलं, मग परत आली. तिनं घरोघरी फिरून उखळ आणलं, मासे धरायची बांबूची टोपली आणली, दंडारीच्या नाटकातला जुना झगा आणला. राजकुमार तिला म्हणाला, "आजीची निशाणी हाय. घरी राहिली तर पोट्टे फोडून टाकतीन."

रितानं मला उंच ओट्यावर ठेवलं. समोर दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नका'.

मित्रांनो, तुम्ही अशा पाट्या पुष्कळ वाचल्या असतील. सांगा बरं, त्या पाटीमागची एक तरी वस्तू तुम्हाला आठवते का? गावची लेकरं यायची, हात पाठीमागे बांधून माझ्यापुढे उभी राहायची आणि एका दमात बाहेर पळायची. मी दोरीमागून त्यांच्या पाठी बघायचो. ज्याला हाताची ओळख नाही, त्याची काळजी कोण करणार? मी मनात म्हणायचो, सोडा ती दोरी, एकदा तरी सोडा.

दोरी सुटली, पण मला हवी होती तशी नाही.

आनंदाबाई गावातल्या वयस्क. आवाज इतका मऊ की दळणाच्या चक्कीजवळ त्यांना कोणी ऐकू शकत नाही. सोमवारचा उपास त्यांनी कधी मोडलेला नाही. महादेवाच्या देवळात जाताना संग्रहालय वाटेत लागतं. एका सोमवारी त्या दारातून डोकावल्या आणि मला पाहून तिथेच थांबल्या.

"अवो रिता, हा नंदी हाय ना?"

"हो आजी, तान्ह्या पोळ्याचा. केशवरावांच्या घरचा."

"मग असा उपाशी काहून उभा ठेवला? दोरी काहून बांधली? त्यानं काय चोरी केली?"

रिता हसली आणि मोठ्या माणसाचा मान म्हणून बाजूला सरकली. आनंदाबाईंनी दोरी अलगद बाजूला केली, लोट्यातलं पाणी माझ्या मस्तकावर सोडलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पुढ्यात गुळाचा खडा ठेवला. त्यांचे डोळे मिटलेले होते. इतक्या वर्षांनी कोणी माझ्यापुढे डोळे मिटून उभं राहिलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी त्यांच्यासोबत शेजारणी आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी रांग लागली. गावभर बोलणं झालं, शाळेतला नंदी जागा झाला.

आणि मी गळायला लागलो. गुळाला मुंग्या आल्या आणि माझ्या पायांच्या सांध्यांत शिरल्या. मस्तकावरचं पाणी मानेच्या खोबणीत उतरलं, खुंटी फुगली, आणि जी मान डोलायची ती घट्ट अडकली. एका बाजूला चीर गेली. डिंकात कालवलेला रंग पाण्यानं सुटतो. झुलीचा गेरू माझ्या पोटावरून ओघळला. मोराचा पिसारा अर्धा गेला. डोळा तेवढा राहिला.

रितानं हात जोडले. "आजी, पाणी नका घालू हो. रंग चाललाय."

आनंदाबाईंचा आवाज आणखी मऊ झाला. राग आला की त्यांचं असंच होतं. "देवाले पाणी नोको म्हणतेस व? इतकी शिकून आली, हेच शिकली?"

बाकीच्या बाया आनंदाबाईंच्या बाजूनं बोलल्या. रिताचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी तिनं राजकुमारला बोलावलं आणि सांगितलं, "आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात कुलूप लावून ठेवते. निदान आहे तेवढा तरी राहील."

राजकुमारनं माझी पाठ पाहिली आणि भडकला. "आजीचा मोर कुठं गेला? याच्याहून तर आमच्या कोठीमागं बरा होता! कपाटात टाकाचा तर मंग माह्याच घरी टाकतो. तान्ह्या पोळ्याले घेऊन जातो. लाल ऑइल पेंट मारतो, सोनेरी शिंगं, लाइटिंग. पहिला नंबर आणतो, पाहा."

"तुमचाच आहे," रिता म्हणाली. "मी कोण अडवणार?"

तर असं होतं माझं नशीब. पोळा यायला थोडे आठवडे होते. तोवर मी संग्रहालयात, मग एक तर कपाट, नाही तर रंगाचा डबा. कपाटात मला कोणी पाहिलं नसतं, आणि रंगाखाली मी असूनही कोणाला दिसलो नसतो. लाकडाला जीभ नसते म्हणून मी ओरडलो नाही. पण मी मनाशी ठरवलं होतं, फुकट जायचं नाही. माझ्याकडून अजून कोणाच्या तरी हातांना शिकण्यासारखं होतं.

रितालाही रात्री झोप लागली नसावी, कारण सकाळी तिनं येऊन पहिली गोष्ट केली ती पाटी उतरवण्याची. दोरीही सोडली. शेजारच्या रिकाम्या वर्गात तिनं टेबलं मांडली, शिवणीच्या फळ्या आणल्या, आणि मातीच्या वाट्यांत गेरू, चुना, काजळी, नीळ आणि डिंक. शाळेतली लेकरं बोलावली. राजकुमारची मुलगी चंदा त्यांच्यात सगळ्यांत पुढे.

"या फळ्या रंगवा," रिता म्हणाली. "वाळल्या की त्या खराब करा."

लेकरं एकमेकांकडे बघू लागली. चंदानं विचारलं, "खरंच खराब करू, मॅडम?"

"खरंच. पाणी ओता, तेल चोळा, नखानं खरवडा, उन्हात ठेवा. जे नंदीसोबत होतं ते फळीसोबत करा."

"अन् मंग मारान नाही ना?"

"नाही मारणार."

त्या खोलीला लेकरांनीच नाव ठेवलं, हात लावायची खोली. मी शेजारून सगळं ऐकायचो. मारोतरावांचा नातू टेकचंद लाखांदूरला दारं आणि पलंग करतो. त्यानं रिताच्या सांगण्यावरून माझ्यासारखाच एक नंदी केला, आणि त्याच्या मानेची एक बाजू उघडी ठेवली, म्हणजे आतली खुंटी दिसावी. लेकरं त्याला ओढायची, मान डोलायची, आणि आत खुंटी कशी फिरते ते वाकून बघायची. मग माझ्याकडे येऊन माझ्या मानेतली चीर बघायची. आता ती पळत नव्हती. एका मुलानं दुसऱ्याला सांगितलं, "याची खुंटी फुगली हाय. दुखत असन." मला दुखत असेल, असं कोणी पहिल्यांदाच म्हटलं.

सोमवार आला. आनंदाबाई लोटा घेऊन आल्या. मी अंग आवळलं. चंदा आपली फळी घेऊन त्यांच्या आड आली. फळीवर तिनं मोर काढला होता, नीट नव्हता, कोंबड्यासारखा दिसत होता, पण निळा होता.

"आजी, आधी याच्यावर ओता ना."

"हे काय व?"

"मोर हाय. मी दोन काढले. हा खराब कराचा, तो ठेवाचा."

आनंदाबाई हसल्या. पोट्टीचं मन राखावं म्हणून त्यांनी एका हातात फळी धरली आणि दुसऱ्यानं लोट्याची धार सोडली. मोर हलला. आधी पिसारा ओघळला, मग मान, मग निळं पाणी फळीच्या कडेवरून त्यांच्या तळहातात उतरलं. त्या निळ्या तळहाताकडे त्या पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीकडे.

"मले वाटे, मी याले न्हाऊ घालून राहिली," त्या इतक्या हळू बोलल्या की फक्त मला आणि चंदाला ऐकू आलं. "मी तर याले पुसून राहिली होती व."

लोट्यातलं उरलेलं पाणी त्यांनी दारातल्या तुळशीला घातलं आणि देवळात न जाता घरी गेल्या. गावात कुजबुज झाली, आनंदाबाई रागावल्या.

पुढच्या सोमवारी त्या परत आल्या, उपाशीपोटी, नेहमीसारख्या. हातात लोटा नव्हता. आपल्या जुन्या लुगड्याचा धुऊन मऊ झालेला तुकडा होता. रितानं तो बघितला, आणि त्याहून मऊ असा एक ब्रश त्यांच्या हाती दिला. कुठे फिरवायचा, रंग सुटतो तिथे कसं लांबूनच जायचं, ते दाखवलं. माझ्यासमोर जमिनीवर तिनं एक वेगळा लाकडी पाट ठेवला. आनंदाबाईंनी त्यावर बेल ठेवला, कुंकू लावलं, हात धुतले, पदरानं कोरडे केले, बांगड्या वर सारल्या आणि मग माझ्या पायांजवळची धूळ झाडू लागल्या.

"आजी, पाणी नाही घातलं तर देव रागावन का?" चंदानं विचारलं.

"ज्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो काहून रागावन?" आनंदाबाई म्हणाल्या. "आता हाच माह्या सोमवारचा नेम."

त्यांचा नेम म्हणजे दगडावरची रेघ. पाण्याचे लोटे घेऊन आलेल्या बायांना त्या दारातच थांबवू लागल्या. वाद घालत नसत. फक्त एक रंगवलेली फळी पुढे करत आणि म्हणत, "आधी इथं घाला, बाई."

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी राजकुमार आला. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. आनंदाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत.

"सरक ना काकू. नंदी न्याचा हाय."

"ने ना. तुह्याच घरचा हाय."

"मंग सरक."

"पेंट कायले आणला गा?"

"रंग गेला त्याचा. नवा करतो. पहिला नंबर आणतो."

आनंदाबाईंनी चंदाला हाक मारली. चंदानं दुसरी फळी आणली, ठेवायची म्हणून ठेवलेली. तिच्यावर तिनं नव्यानं काढलेला मोर आता कोंबडा राहिला नव्हता. पोट्टीचा हात बसला होता.

"यावर मार आधी," आनंदाबाई म्हणाल्या.

"हे काय लहान लेकरावानी?"

"लेकरं करतेत, तू बी कर."

राजकुमारनं चंदाकडे पाहिलं. चंदाचं तोंड लहान झालं होतं, पण तिनं मान हलवली. "मार, बाबा. इथं खराब करून पाहतेत."

त्यानं डबा उघडला आणि एक पट्टा ओढला. लाल, जाड, चकचकीत. मोर दिसेनासा झाला.

"आता मोर काढून दे," चंदा म्हणाली.

राजकुमारनं खिशातला रुमाल काढला आणि पुसलं. लाल रंग पसरला. मग रॉकेल मागवलं, चोळलं. लाल निघाला, त्याच्यासोबत नीळही निघाली, चुनाही निघाला, आणि खाली उघडं लाकूड राहिलं. तो चोळत राहिला. मग थांबला. चंदा रडली नाही, पण फळी तिनं त्याच्या हातातून घेतलीही नाही.

राजकुमार डबा बाहेरच सोडून आनंदाबाईंच्या कडेनं आत आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या पाठीवर उरलेला तो एक डोळा त्याच्याकडे बघत होता, जनाबाईनं काडीच्या टोकानं ठेवलेला.

"आजी पदर धरे याच्यावर," तो स्वतःशीच बोलला. "म्हणे, माहा मोर पावसाले भिते. कुंकू बी पाटालेच लावे." त्यानं वाकून माझ्या चाकांवरचा पाट पाहिला. कितीतरी वर्षांचं कुंकू तिथे लाकडात मुरलेलं होतं, काळपट लाल. "मी तं विसरूनच गेल्तो."

डब्याचं झाकण त्यानं उंबऱ्याबाहेर जाऊन ठोकून बसवलं. आनंदाबाई तेव्हा सरकल्या.

"मंग मिरवणुकीत काय नेऊ?" त्यानं विचारलं. "चंदा वाट पाहून राहिली."

टेकचंदचा नंदी गेला. चंदानं आणि तिच्या मैत्रिणींनी त्याच्या पाठीवर मोर काढला होता. मला रितानं दारात, सावलीत आणून ठेवलं. ढोल वाजले, तोरण सुटलं, लेकरं घरोघरी फिरली. पहिला नंबर शिंगांत दिवे लावलेल्या बैलाला मिळाला. चंदा फुरंगटून बसली, तेव्हा राजकुमार तिला म्हणाला, "चाल, आपल्या नंदीच्या आज्याले भेटून येऊ."

ते आले तेव्हा झिमझिम सुरू झाली होती. नवा नंदी माझ्यासमोर थांबला आणि त्याची मान डोलली. मला माझी डोलवता आली नाही. चंदानं हात पुढे केला. राजकुमारनं तो हवेतच धरला, आपल्या कोऱ्या शर्टाच्या टोकानं तिची बोटं एकेक करून पुसली, उलटसुलट करून पाहिली आणि मगच सोडली. तिनं माझ्या मोडक्या कानावर बोट ठेवलं.

"हे कोणं तोडलं?"

राजकुमारनं इकडेतिकडे पाहिलं, लहानपणी पाहायचा तसंच. "त्या वळणावर पडला होता," तो म्हणाला. बाहेर पावसाचा जोर वाढला. त्यानं डोक्यावरचा गमछा काढून माझ्या पाठीवर धरला.

मित्रांनो, माझी मान आता हलत नाही. माझा पिसारा परत येणार नाही. कोणी तो नव्यानं काढायला येऊ नये, अशी माझी ताकीद आहे. मला कपाटात घालू नका, मला चकचकीत करू नका, आणि मी देव आहे म्हणून मला बुडवू नका. एवढं ऐकणार असाल तर या. येताना हात कोरडे करून या, अंगठ्या खिशात ठेवा. आधी शेजारच्या खोलीत एक मोर काढा आणि तो पाण्यानं जाताना पाहा. मग माझ्यापाशी या. मी दारातच असतो, आणि सोमवारी आलात तर आनंदाबाई तुम्हाला ब्रश देतील. त्या हळू बोलतात, म्हणून जरा जवळ जाऊन ऐका.